'स्मेल'ची भावंडे: ओडर, सेंट, अरोमा आणि फ्रेग्रन्स यांत नेमका फरक काय?

कुळागरातली

मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना 'आमच्या गावची जत्रा' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलीने देवळाच्या पायरीवर विकायला ठेवलेल्या जायांच्या माळांचे वर्णन करताना त्या फुलांना 'प्लेझंट ओडर' होता, असे लिहिले. मी 'ओडर'खाली लाल रेघ ओढली आणि वर 'फ्रेग्रन्स' लिहिले. मधल्या सुट्टीत ती एका हातात वही आणि दुसऱ्या हातात वाचनालयातला जाडजूड शब्दकोश घेऊन दारात उभी राहिली, दोन्ही पानांवर बोट ठेवून म्हणाली, "टीचर, हांगा दोनूय कडेन 'वास'च बरयलां. मग म्हजें चुकलें खंय?"

तिच्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती आणि शब्दकोशही तिच्याच बाजूने होता. "तसे म्हणत नाहीत," एवढेच मी तिला सांगू शकले, आणि हे उत्तर नव्हे हे सांगतानाच मला जाणवत होते. स्मेल, ओडर, सेंट, अरोमा, फ्रेग्रन्स, परफ्यूम, स्टेंच हे सारे शब्द मी स्वतः बहुधा बिनचूक वापरते, पण त्यांच्यातली सीमारेषा कुठून जाते ते मला मराठीत समजावता येत नाही. आपल्यापैकी कोणी यावर विचार केला असेल तर कृपया लिहावे.

रायबंदरचा वाटसरू

बाई, मला तर हा प्रश्न सरळ वाटतो. एक उभी काठी डोळ्यांपुढे आणा. वरच्या टोकाला फ्रेग्रन्स, त्याखाली सेंट आणि अरोमा, मध्यावर स्मेल, त्याखाली ओडर आणि तळाशी स्टेंच. किती आवडले आणि किती नावडले, एवढाच फरक आहे. जाईला 'ओडर' म्हटल्याने ते फूल काठीवर तीन पायऱ्या खाली उतरले, म्हणून तुमची लाल रेघ योग्यच होती.

सहाण

वाटसरूंच्या काठीने नवशिक्याचे काम भागेल, पण तिच्यावर अरोमा आणि फ्रेग्रन्स जवळजवळ एकाच उंचीवर येतात आणि तरीही त्यांची अदलाबदल करता येत नाही. भाजलेल्या कॉफीला अरोमा असतो आणि गुलाबाला फ्रेग्रन्स असतो. दोन्ही वास मनापासून आवडणारे आहेत, म्हणजे फरक आवडीनिवडीपलीकडचा असला पाहिजे. माझ्या मते वास कशातून निघाला आणि तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला, यावर शब्द ठरतो.

आपल्याकडे हा विचार फार पूर्वी झालेला आहे. अमरकोशात 'विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे' असे सांगितले आहे, म्हणजे चोळल्याने किंवा घासल्याने जो मनोहर गंध उठतो तो परिमळ. त्याच्याच पुढे, दूरवर पसरणाऱ्या गंधाला 'आमोद' म्हटले आहे. कोशकाराने सुवासाची प्रतवारी लावलेली नाही, तो कसा उत्पन्न होतो आणि कुठवर जातो हे पाहिले आहे. आमच्या घरी रोज सकाळी सहाणेवर चंदनाचे खोड उगाळले जाते. कोरडे खोड नाकाशी धरले तर जेमतेम लाकडाचा वास येतो, पण पाण्याचे चार थेंब टाकून दहा-बारा वेढे दिले की खोली भरून जाते. हा खरा परिमळ. जाईचा मात्र परिमळ म्हणवणार नाही, कारण ती न चोळता आपल्या आपण दरवळते.

अरोमा हा शब्द ग्रीकमधून आला आणि तिथे त्याचा अर्थच मुळी मसाल्याचा पदार्थ असा होता. म्हणून अरोमा आजही स्वयंपाकघर, कॉफी, मसाले आणि मद्य यांच्या आसपास राहतो. जो वास जिभेला आशा लावतो तो अरोमा, असे मुलांना सांगून पाहा. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'खमंग' आहे, आणि खमंग फूल असे आपणही कधी म्हणत नाही.

शेंवतें

"जिभेला आशा लावतो तो अरोमा" हे मी उद्याच माझ्या भाच्याला सांगणार आहे.

भाटीवाला

सहाण यांचे म्हणणे पटले, तरी वाटसरूंनी मांडलेला आवडीनिवडीचा मुद्दा अगदीच सोडून देता येणार नाही, कारण माझ्या घरच्या धंद्यात त्याचा रोजचा अनुभव आहे. आम्ही सत्तरी तालुक्यात काजूची भाटी, म्हणजे फेणी गाळण्याची भट्टी, लावतो. मार्च-एप्रिलमध्ये कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडीत, बोंडू (काजूची फळे) तुडवून काढलेला रस आंबायला ठेवला की त्या खोपीपासून रस्त्यापर्यंत एक दाट, गोडसर, किंचित आंबूस वास पसरतो. मला त्या वासाने लहानपणची सुट्टी आठवते. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने गाडीतून उतरताच नाकाला रुमाल लावला आणि इंग्रजीत विचारले की ही 'स्टेंच' कशाची आहे. त्याच्यासोबतच्या बाईंनी लगेच त्याला दुरुस्त केले, "नो, इट्स अ व्हेरी स्ट्राँग अरोमा." दोघेही एकाच जागी, एकाच वाऱ्यात उभे होते.

आमच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून बाटल्यांवरच्या आणि माहितीपत्रकांतल्या मजकुरात हा वास कोणत्या शब्दाने सांगावा, हा प्रश्न आमच्यापुढे नेहमी असतो. स्मेल लिहिले तर वाचणारा बिचकतो, फ्रेग्रन्स लिहिले तर ते खोटे वाटते. शेवटी अरोमाच लिहावे लागते. माझ्या अनुभवाने शब्द वस्तूवरून जितका ठरतो तितकाच तो बोलणाऱ्याच्या नाकावरूनही ठरतो.

प्रयोगशाळेतून

मी वेर्णा येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात तपासणी विभागात काम करते, म्हणून 'ओडर'ची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. वाटसरूंनी तो स्टेंचच्या शेजारी बसवला, ते आमच्या क्षेत्रात मान्य होणार नाही. एखाद्या पदार्थाचे वर्णन नोंदवताना आम्ही पांढरी भुकटी, स्फटिकरूप, 'ओडरलेस' असे लिहितो, किंवा 'कॅरॅक्टरिस्टिक ओडर' म्हणजे त्या पदार्थाचा स्वतःचा ठरावीक वास असल्याचे नमूद करतो. तिथे आवडीनिवडीला जागा नसते आणि नसावीच. जो शब्द निरीक्षकाचे मत बाहेर ठेवतो, तो ओडर. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. त्या मिसळण्याच्या क्रियेलाही इंग्रजीत 'ओडर'वरूनच बनलेले नाव आहे.

बाईंच्या विद्यार्थिनीचे वाक्य म्हणूनच कानाला खटकते. त्यात घाण वासाची सूचना आहे असे मला वाटत नाही. ती जत्रेचे वर्णन करत होती आणि शब्द मात्र तपासणीच्या वहीतला आला. 'प्लेझंट' हे विशेषण जोडूनही त्यातला कोरडेपणा गेला नाही.

जाता जाता 'अरोमॅटिक'विषयी एक गोष्ट सांगते. रसायनशास्त्रात बेंझिनच्या कुळातील संयुगांना हे नाव पडले ते सुरुवातीला सापडलेल्या त्यांतल्या अनेकांना सुवास होता म्हणून. पुढे ते नाव रेणूच्या रचनेला चिकटले आणि आज अरोमॅटिक म्हटलेल्या संयुगाला सुवास असेलच असे मुळीच नाही.

रायबंदरचा वाटसरू

ओडरबाबत माझी चूक मान्य करतो. पण मग 'बॉडी ओडर' म्हटले की लगेच घामाचाच वास का डोळ्यांपुढे येतो? आणि बाजारात मिळणारे डिओडरंट नेमके काय घालवते?

मांडवीपार

वाटसरू, याचे उत्तर बहुधा असे आहे की तटस्थ शब्द फार काळ तटस्थ राहू शकत नाही. चांगल्या वासाला खास शब्द मिळाले की तो त्यांच्या मालकीचा होतो, आणि साध्या शब्दाच्या वाट्याला उरलेले, म्हणजे बहुधा वाईट, वास येतात. चर्चच्या जुन्या इंग्रजीत 'ओडर ऑफ सँक्टिटी' हा प्रयोग आहे, तो संतपुरुषाच्या देहाला येणाऱ्या दिव्य सुवासाविषयी आहे. म्हणजे एके काळी ओडर हा शब्द देव्हाऱ्यातही शोभत होता.

स्टेंचची कथा तर याहून मोठी आहे. अगदी जुन्या इंग्रजीत 'स्टेंच' म्हणजे नुसता वास, मग तो फुलाचा का असेना. 'स्टिंक' या क्रियापदाचेही तेच. काही शतकांत दोन्ही शब्द घसरत घसरत दुर्गंधापाशी येऊन थांबले. त्यांची रिकामी झालेली जागा 'स्मेल'ने घेतली, आणि आता 'इट स्मेल्स' एवढेच म्हटले तरी ऐकणारा नाक मुरडतो. स्मेलही त्याच उतारावर उभा आहे.

माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली होती. ती वासाला 'शेइरु' म्हणत असे आणि चांगला की वाईट ते पुढे वेगळे सांगत असे. तिच्या तोंडी तो शब्द अखेरपर्यंत मध्यावरच राहिला.

कुळागरातली

मांडवीपार यांचे लिखाण वाचून मला एकदम आपल्या मराठीतला 'वास' आठवला. "कसला वास घेतेस?" यात काही वाईट नाही. पण "भाजीला वास आलाय" म्हटले की भाजी टाकून द्यावी लागते. "तोंडाला वास येतो", "पाण्याला वास मारतो" यांतही दुर्गंध हा शब्द नाही आणि अर्थ मात्र तोच आहे. विशेषण नसलेला 'वास' आपणही वाईटातच काढतो. 'इट स्मेल्स' समजावायला मला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

सहाण

बाई, यात 'घाण'ही जोडून घ्या. तो शब्द संस्कृत 'घ्राण'वरून आला आहे आणि घ्राण म्हणजे नाक किंवा वास घेणे. त्यात मुळात वाईट काहीच नव्हते. बंगालीत 'घ्राण' आजही चांगल्या वासासाठी चालतो. मराठीत आणि कोकणीत मात्र तो आधी दुर्गंध झाला, आणि मराठीत तर पुढे दुर्गंधाचीही गरज उरली नाही, न दिसणारा वास सोडून तो थेट उकिरड्यावरच्या कचऱ्याला चिकटला. स्टेंचने केला तसाच प्रवास घाणीने केला आणि दोन पावले पुढेही गेली.

आल्तिणोवरून

धुराचीही अशीच जोडी आहे. 'परफ्यूम' हा शब्द लॅटिनमधल्या धुरासाठीच्या शब्दावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ धुरी देणे असा होता. आपण ऊद-लोबान जाळतो तसाच तो प्रकार. 'रीक' म्हणजे उग्र वास मारणे, या शब्दाचाही मूळ अर्थ धूर सोडणे हाच आहे, एडिंबरा शहराला 'ऑल्ड रीकी' म्हणजे जुने धुरकट शहर हे लाडके नाव पडले ते चुलींच्या धुरामुळे. एक धूर देवळात गेला आणि अत्तराच्या कुपीत उतरला, दुसरा मात्र मळक्या कपड्यांचा, दारूच्या तोंडाचा असा दर्प होऊन राहिला. आपला 'दर्प'ही मुळात गर्व या अर्थाचा आहे. जो वास अंगावर येतो, आपल्याला मागे सरायला लावतो, त्याला गर्वाचे नाव कोणी दिले असेल कोण जाणे, पण फार नेमके दिले आहे. 'रीक'साठी दर्प हाच शब्द मी मुलांना देईन.

पुरुमेंताची पिशवी

आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी झाली की सुके बांगडे, सुंगटे आणि खारे यांनी भरलेले डबे पावसाळाभर माळ्यावर राहतात. या वासाला इंग्रजीत काय म्हणायचे ते मला अजून कळलेले नाही. ताज्या मासळीच्या कच्च्या वासाला आपण हिमूस म्हणतो आणि तो जावा म्हणून हळद, मीठ, कोकम लावतो. सुक्याचा वास निराळा असतो, तो घालवायचा नसतोच. निखाऱ्यावर बांगडा भाजताना शेजारचे कौतुकाने डोकावतात आणि वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले कुटुंब खिडक्या लावून घेते. भाटीवाल्यांचेच म्हणणे मला इथेही खरे वाटते.

नियमित वाचक

एक व्यवहारातला फरक सांगते, कारण माझ्या मुलाच्या त्वचेला त्रास झाल्यामुळे मला तो शिकावा लागला. साबणाच्या आणि क्रीमच्या वेष्टनावर 'अनसेंटेड' आणि 'फ्रेग्रन्स-फ्री' असे दोन निरनिराळे शब्द असतात. फ्रेग्रन्स-फ्री म्हणजे त्यात सुगंधी द्रव्य घातलेलेच नाही. अनसेंटेड म्हणजे नाकाला वास जाणवू नये अशी योजना आहे, आणि त्यासाठी मूळ पदार्थांचा वास झाकणारे सुगंधी द्रव्य त्यात असू शकते. मी वर्षभर अनसेंटेड आणत राहिले आणि पुरळ काही जाईना. या ठिकाणी फ्रेग्रन्स म्हणजे बाटलीतून ओतलेला पदार्थ आणि सेंट म्हणजे नाकाला होणारी जाणीव, असा भेद आहे.

म्हादईकाठ

'सेंट'विषयी अजून कोणी नीट लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. आपल्या वडीलधाऱ्यांनी 'सेंट मारला' म्हणून त्याला अत्तराच्या बाटलीत कोंडले, आणि इंग्लंडमध्येही परफ्यूमला सेंट म्हणतातच. पण हा शब्द मूळचा शिकारीचा. जाणवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो आला आणि पूर्वी त्यात 'सी' हे अक्षरही नव्हते, ते सतराव्या शतकात कसे घुसले ते कोणाला सांगता आलेले नाही. सावज निघून गेल्यावर जमिनीवर आणि हवेत जे मागे राहते आणि कुत्रा ज्याचा माग काढत जातो, तो सेंट.

माझे लहानपण म्हादईच्या काठी रानालगत गेले. आमचा कुत्रा पहाटे अंगणाच्या कडेला नाक खाली घालून थबके, मग एका रेषेत कुंपणापर्यंत जाई. रात्री तिथून रानडुक्कर गेल्याचे आम्हाला मागाहून ठशांवरून कळायचे. फ्रेग्रन्स समोर असलेल्या वस्तूचा असतो. सेंटमध्ये वस्तू दिसत नसते, ती तिथे होती किंवा पुढे कुठेतरी आहे एवढेच कळते. मराठीत 'वास लागणे' आहे, 'गंधवार्ता नसणे' आहे, त्यांच्यात हाच अर्थ आहे.

पहिला पाऊस

एक वास राहिला. जूनच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांतून जो उठतो, त्याला इंग्रजीत १९६४ पर्यंत स्वतंत्र नावच नव्हते. त्या वर्षी इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकातील लेखात त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. ग्रीकमधला दगड आणि देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव, असे दोन शब्द त्यांनी जोडले. कोरड्या दिवसांत दगडमातीत शोषली गेलेली वनस्पतींची तेले पावसाने मोकळी होतात, आणि त्यांत जमिनीतल्या जिवाणूंनी बनवलेले जिओस्मिन हे द्रव्यही मिसळते. लाख कोटी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते.

कनौजचे कारागीर मात्र भाजलेल्या मातीतून हा वास चंदनाच्या तेलात उतरवून मातीचे अत्तर काढत आले आहेत. शास्त्रज्ञांनी नाव देण्याच्या आधीच तो बाजारात विकत मिळत होता.

सहाण

पहिला पाऊस, आपण हे लिहिलेत म्हणून राहवत नाही. न्यायशास्त्राच्या तर्कसंग्रह या ग्रंथात पृथ्वीची व्याख्याच 'गन्धवती' अशी केली आहे, जिला गंध आहे ती पृथ्वी. गंधाचे प्रकार तिथे दोनच आहेत, सुरभी आणि असुरभी. वाटसरूंची काठी नैयायिकांनी मान्य केली असती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

राशोलची लेक

परिमळाची चर्चा चालली असताना आमच्या गावाचा उल्लेख राहू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यात मराठीची थोरवी सांगताना ते लिहितात, 'जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी'. सहाण यांनी दिलेली व्याख्या वाचल्यावर मला ही ओळ प्रथमच नीट दिसली. मोगरी आपल्या आपण दरवळते म्हणून ती पुष्पांत आली, आणि कस्तुरी घासून-खलून वापरतात म्हणून ती परिमळांत आली. हे त्यांनी जाणून केले की त्या काळच्या बोलीनेच त्यांच्याकडून करवून घेतले, ते सांगणे कठीण आहे. पण 'परिमळ' हा शब्द मराठीत आता कवितेपुरता उरला असताना आपल्या कोकणीत 'परमळ' रोज बोलला जातो, चुलीवरच्या पायसालाही आणि केसांतल्या सुरंगीच्या वळेसरालाही.

कुळागरातली

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल मी या धाग्याची छापील प्रत घेऊन वर्गात गेले आणि सोबत सहा झाकलेल्या वाट्या नेल्या: जाईची फुले, भाजलेली कॉफी, सुका बांगडा, ओली केलेली लाल माती, चुनखडीची पूड आणि सहाणेवर उगाळलेले चंदन. मुलांनी डोळे मिटून वास घ्यायचा, आधी मराठीत किंवा कोकणीत शब्द सांगायचा आणि मगच इंग्रजीकडे वळायचे, असे ठरवले. कॉफीला बहुतेकांनी खमंग म्हटले आणि तिथून अरोमा आपोआप आला. बांगड्यावर मात्र एकमत झाले नाही. अर्धा वर्ग 'स्मेल' म्हणाला, मागच्या बाकावरचा एक मुलगा 'अरोमा' म्हणून अडून बसला आणि मी दोन्ही शब्द फळ्यावर तसेच ठेवले. चुनखडीला काहीच वास नव्हता, तेव्हा मी 'ओडरलेस' लिहिले आणि वेर्ण्याच्या ताईंची तपासणीची वही समजावून सांगितली.

तास संपल्यावर ती मुलगी पुन्हा वही घेऊन आली. तिने माझा 'फ्रेग्रन्स' खोडला होता आणि वाक्य नव्याने लिहिले होते. आता त्यात अंधारातून देवळाची वाट चालताना माळा दिसण्याआधीच जाईचा 'सेंट' त्यांना तिकडे घेऊन गेला, असे होते. मी म्हटले, "फ्रेग्रन्सूय चुकीचें नाशिल्लें." ती म्हणाली, "पूण टीचर, तेन्ना फुलां आमकां दिसूंक नाशिल्लीं."

मी माझी लाल रेघ पांढऱ्या शाईने झाकली.

म्हादईकाठ

बाई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी वाट्यांत तिरफळ ठेवा. ताजे हिरवे तिरफळ बोटांत चुरडल्यावर जे नाकात शिरते, त्याला सहाण यांच्या व्याख्येने परिमळ म्हणावे लागेल आणि आल्तिणोकरांच्या व्याख्येने दर्प.

सहाण

'मनोहर' हेही त्या व्याख्येतच आहे, म्हणून तो आधी कोणाच्या नाकात शिरला ते पाहावे लागेल. बांगड्याच्या हुमणात पडलेल्या तिरफळाला मात्र मी अरोमाच म्हणेन.